गार हातपाय आणि ‘रक्ताभिसरणा’चे औषध

हेमंत ऋतू लागला, की सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या चिकित्सालयांत आणि औषधालयांत एक तक्रार हटकून येऊ लागते. तक्रार करणारा बहुधा चाळिशी-पन्नाशीतला गृहस्थ असतो. घरातील स्त्रियांच्या हातापायांच्या गारव्याची दखल आपल्याकडे फारशी घेतली जात नाही. परंतु कर्त्या पुरुषाचे पाय रात्री पांघरुणातही ऊब धरीत नाहीत असे दिसले, की घर काळजीत पडते. मग तो गृहस्थ वैद्याकडे येण्यापूर्वी औषधालयाच्या काउंटरवर जातो आणि म्हणतो, “हातपाय गार पडत्यात, रक्ताभिसरणाचं काय असलं तर द्या.” त्याला काही तरी दिले जाते. कधी गुग्गुळाच्या गोळ्या, कधी अर्जुनाचे चूर्ण, कधी तेलाची बाटली, कधी चकचकीत वेष्टनातील एखादा ‘सर्क्युलेशन’ कॅप्सूल. प्रस्तुत लेखाचा विषय हा व्यवहार आहे. गार हातपाय हे लक्षण आहे, व्याधी नव्हे. आणि लक्षणाला औषध विकण्याची ही पद्धत आपण वैद्यांनी व औषधालय-मालकांनी मिळून थांबवली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम हे मान्य करू, की या तक्रारीमागे पुष्कळ वेळा काहीही रोग नसतो. थंडीत शरीर आपली उष्णता आत राखते. त्वचेतील सूक्ष्म वाहिन्या आकुंचित होतात आणि त्याचा पहिला परिणाम बोटे, नाक व कानाच्या पाळ्या यांवर दिसतो. हेमंतात शीत वायूच्या स्पर्शाने कोंडला गेलेला अग्नी आत बलवान होतो, असे चरकाचार्यांनी ऋतुचर्येत सांगितले आहे. त्याचीच ही बाह्य बाजू म्हणावयाची. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर, कोयनेच्या खोऱ्यात, पाटण-जावळीच्या डोंगरकपारीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कोणाचेही हात गार पडतील. कराड, वाळवा, पलूस या बागायती तालुक्यांत दुसरे कारण आहे. जेथे शेतीची वीज अजून रात्रपाळीने येते, तेथे शेतकरी उसाला पाणी पाजण्यासाठी मध्यरात्री दारे धरतो. अनवाणी, पोटरीभर गार पाण्यात, तासन् तास. त्याचे पाय सकाळी गार असले, तर त्यात आश्चर्य ते काय? अशा माणसाला गमबूट, सुके मोजे, परतल्यावर कोमट तेलाचा अभ्यंग आणि सुंठीचे गरम पाणी एवढे पुरते. वाग्भटाने अभ्यंग विशेषेकरून मस्तक, कान आणि पाय यांस करावा असे म्हटले, ते उगाच नव्हे.

पण काउंटरवरचा गृहस्थ या साध्या वर्गातला आहे की दुसऱ्या, हे कसे ठरवावे? येथेच खरी अडचण आहे. नुसते ‘गार’ या शब्दावरून ते ठरत नाही. आपल्या भागातील रुग्ण ‘गार’ हा शब्द निदान चार अर्थांनी वापरतो. स्पर्शाला गार लागणे हा एक. आतून गार वाटणे पण हात लावला तर पाय कोमट असणे हा दुसरा. मुंग्या येऊन बधिर होणे हा तिसरा. आणि चालताना पाय ‘भरून येणे’, पोटरी धरणे हा चौथा. या चारही तक्रारी ‘हातपाय गार पडतात’ या एकाच वाक्यात येतात आणि चारही वेळा एकच पुडी बांधली जाते. पुडी बांधणाऱ्यास आम्ही दोष देत नाही; त्याच्यापाशी विचारायला वेळ नाही आणि तपासण्याचा अधिकारही नाही. म्हणूनच पाठविण्याची जबाबदारी त्याची, तर तपासण्याची आपली.

दुसऱ्या अर्थाचे गार वाटणे आधी पाहू, कारण त्यात फसगत फार. मधुमेही माणसाच्या पायांच्या नाड्या, म्हणजे संवेदना वाहणारे तंतू, क्षीण होऊ लागले, की त्याला पाय गार वाटतात. प्रत्यक्षात त्वचा उबदार असते, कधी नेहमीपेक्षा अधिकच. त्या पायात रक्त पोहोचते आहे, पण स्पर्श व उष्णता कळत नाही. अशा माणसाला आपण शेक सांगितला, गरम पाण्याची पिशवी किंवा वाळूची पुरचुंडी दिली, तर तो पाय भाजेपर्यंत ती काढणार नाही, कारण त्याला कळणारच नाही. प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची सुप्तता आणि दाह चरकाचार्यांनी निदानस्थानात नोंदविले आहेत. केसांचा गुंता, तोंडाला गोडी, हातापायांना बधिरपणा ही यादी आपण परीक्षेसाठी पाठ केली आणि परीक्षा संपताच विसरलो. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटींहून अधिक. ऊस आणि गुळाच्या या पट्ट्यात पन्नाशीच्या पुरुषाने पाय गार वाटतात म्हणून सांगितले, की रक्तशर्करा पाहिल्यावाचून स्वेदनाचे नाव काढू नये, इतका कडक नियम आपण स्वतःस घालून घ्यावा.

आता खरा प्रश्न, म्हणजे जेथे पाय स्पर्शालाच गार आहे आणि तो वाहिनी अरुंद झाल्याने गार आहे.

या बाबतीत आमच्या काही ज्येष्ठ स्नेह्यांचे म्हणणे असे, की शीतता हा वायूचा गुण. सबब शीत अंग म्हणजे वातवृद्धी. सबब स्निग्ध व उष्ण उपचार. सूत्र सोपे आहे आणि अर्धेच खरे आहे. रसधातूचे विक्षेपण व्यानवायू करतो हे चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायातले प्रतिपादन प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु त्याच स्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आवरणाचा विचार इतक्या विस्ताराने आला आहे, तो कशासाठी? धातुक्षयाने कुपित झालेला वायू वेगळा आणि मार्ग अडल्याने कुपित झालेला वेगळा, हेच तेथे सांगावयाचे आहे. कृश, रूक्ष, अल्पाहारी माणसाचे गार हात आणि पोट सुटलेल्या, बैठ्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाचा गार पाय यांना एकाच तेलात बुडविता येणार नाही. दुसऱ्याला बृंहण देणे म्हणजे अडलेल्या ओढ्यात आणखी गाळ टाकणे होय.

या ठिकाणी चरकांना रक्ताभिसरण हार्वेच्या आधी माहीत होते की नव्हते, हा वाद कोणी तरी काढतोच. विल्यम हार्वेचा ग्रंथ १६२८ चा. चरकसंहिता त्याच्या कित्येक शतके आधीची. वाद रंगतदार आहे, परंतु त्याने आजवर कोणाच्याही पायाला ऊब आलेली नाही. असो.

मार्गावरोधाने पाय गार पडण्याची दोन मुख्य रूपे आपल्या भागातील पुरुषांत दिसतात. एक, मेद व कफ यांनी धमनी कठीण व अरुंद होणे. हे मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांच्या सोबतीने पन्नाशीनंतर येते. दुसरे त्याहून तरुण वयात, विशी ते पंचेचाळिशीत, आणि जवळजवळ केवळ तंबाखूच्या सोबतीने. लिओ बर्जर या न्यूयॉर्कच्या वैद्याने १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले म्हणून त्याला बर्जरचा रोग म्हणतात. विनिवार्टर यांनी १८७९ मध्येच असा एक रुग्ण नोंदविला होता. या रोगाचा भूगोल पाहण्यासारखा आहे. पायांच्या धमनीविकाराच्या एकूण रुग्णांत त्याचे प्रमाण पश्चिम युरोपात शेकडा ०.५ ते ५.६, तर भारतात शेकडा ४५ ते ६३ इतके जुन्या आढाव्यांत दिलेले आहे. आकडे जुने आहेत आणि रुग्णालयांतले आहेत, म्हणून ते जसेच्या तसे आजच्या गावाला लावू नयेत. तरी त्यातील दिशा स्पष्ट आहे. हा बिडी ओढणाऱ्या, कष्ट करणाऱ्या, कर्त्या वयाच्या पुरुषाचा रोग आहे. तो पायाच्या बोटापासून सुरू होतो, हाताच्या बोटांनाही धरतो, आणि बोट काळे पडेपर्यंत रुग्ण त्याला ‘गारवा’ म्हणत राहतो.

तंबाखूविषयी सातारा-सांगलीकरांस कोणी बाहेरच्याने सांगण्याची गरज नाही. सीमेपलीकडे हाकेच्या अंतरावर निपाणी आहे. बिडीच्या तंबाखूची ती पेठ आणि १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी झालेले शेतकऱ्यांचे आंदोलन आपल्या पिढीच्या स्मरणात आहे. तंबाखू हे या भागात केवळ व्यसन नव्हते, ते पीक होते, मजुरी होती, पाहुणचार होता. चुन्याची डबी पुढे केली नाही, तर बैठक अपुरी. म्हणूनच रुग्णाला “व्यसन आहे का?” असे विचारले, की तो निरागसपणे “नाही” म्हणतो; तंबाखू मळणे त्याच्या हिशेबी व्यसनात मोडत नाही. प्रश्न असा विचारावा, की तंबाखू किती वेळा मळता, बिडी किती, मिश्री लावता का, पुडी कुठली खाता. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात शेकडा २६.६ प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे आढळले, आणि त्यात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी अधिक. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तो कोठेच मिळत नाही असे म्हणण्याचे धाडस मात्र आम्ही करणार नाही.

बर्जरच्या रोगात औषधापेक्षा तंबाखू सोडणे हेच श्रेष्ठ, हे सांगायला एकच पुरावा पुरे आहे. क्लीव्हलँड येथील रुग्णांचा पाठपुरावा १९९० साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी धूम्रपान सोडले त्यांच्यातील शेकडा ९४ जणांना अंगच्छेद करावा लागला नाही. ज्यांनी चालू ठेवले त्यांच्यातील शेकडा ४३ जणांना एक वा अधिक अवयव गमवावे लागले. कोणत्याही गुग्गुळाने, कोणत्याही भस्माने असा फरक पाडल्याचे आमच्या वाचनात नाही. आणि आधुनिकांच्या कोणत्याही गोळीनेही नाही, हे जाता जाता. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आपणच जगाला सांगतो. मग तंबाखूची डबी खिशात असलेल्या माणसाला ‘रक्ताभिसरणा’च्या साठ गोळ्या देऊन आपण कोणते निदान परिवर्जिले?

औषधालय-मित्रांसाठी येथे एक बारीक सूचना. तंबाखू सोडण्यासाठी निकोटीनच्या चघळण्याच्या गोळ्या हल्ली सहज मिळतात. सामान्य माणसाला त्यांचा आधार होतो, यात शंका नाही. परंतु बर्जरच्या रुग्णात निकोटीन कोणत्याही वाटेने गेले तरी रोग जागा राहू शकतो. सबब बोटाला जखम वा काळेपणा असलेल्या माणसाला त्या काउंटरवरून देऊ नयेत.

आता वातरक्ताकडे वळू, कारण या गार, वेदनायुक्त, वर्ण बदललेल्या पायाला आपल्यापैकी बरेच जण वातरक्त म्हणतात. काहींच्या मते वातरक्त म्हणजे केवळ युरिक आम्लाचा संधिविकार. हा नामनिर्णय आम्ही येथे करू पाहत नाही. चरकांनी एकोणतिसाव्या अध्यायात दिलेली पूर्वरूपे मात्र एकदा शांतपणे वाचावीत. घाम फार येणे किंवा मुळीच न येणे, काळवंडणे, स्पर्श न कळणे, लहानशा क्षतानेही अतिशय वेदना होणे. ज्या कोणी ही नोंद केली, त्याने असे पाय हातात धरून पाहिले होते.

त्याच अध्यायात रक्तमोक्षण सांगितले आहे, आणि तेथेच आमचा सर्वांत मोठा आक्षेप उभा राहतो. अलीकडे जळवांची प्रतिष्ठा पुन्हा वाढली आहे. योग्य ठिकाणी ती वाढावीच. परंतु गार, फिकट, सुकलेल्या पायाच्या बोटावर ‘अशुद्ध रक्त काढण्यासाठी’ जळवा लावल्याचे आम्ही पाहतो, तेव्हा मन अस्वस्थ होते. ज्या पायात मुळात रक्त पोहोचत नाही, त्यातून रक्त काढावयाचे? चरकांनी याच अध्यायात बजावले आहे, की अंग म्लान होत असता आणि वाताधिक रूक्ष अवस्थेत रक्तस्राव करू नये. केल्यास रक्तक्षयाने वायू गंभीर शोथ, स्तंभ, कंप, स्नायू व सिरांचे विकार उत्पन्न करतो आणि अतिस्रावाने मृत्यूही ओढवतो. विधी घेतला आणि निषेध गाळला, अशी ही स्थिती आहे. व्यवहाराचे म्हणाल, तर जळवेने केलेली जखम अशा पायात लवकर भरत नाही, जळवेच्या पोटातील जंतूंचा संसर्ग होऊ शकतो, आणि रुग्ण ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वा वॉरफेरिन घेत असेल, तर रक्त थांबत नाही. पायाची नाडी हाताला लागल्याविना जळू लावू नये.

पायाची नाडी! तीन बोटे मनगटावर ठेवून माणसाची प्रकृती सांगणारे आपण, पायाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे दोन बोटे क्वचितच ठेवतो. रुग्णाला झोपवावे, मोजे काढावेत, दोन्ही पाय शेजारी शेजारी पाहावेत. पायाच्या पाठीवरची नाडी काही निरोगी माणसांतही जन्मतः लागत नाही, म्हणून घोट्यामागची पाहणे अगत्याचे. दोन्ही पायांच्या उष्णतेत फरक आहे का. केस गेले आहेत का. नखे जाड झाली आहेत का. बोटाचे टोक दाबून सोडले असता लाली परतायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो का. पाय वर उचलून धरला असता पांढरा आणि खाली सोडला असता गडद लाल होतो का? याला कोणतेही यंत्र लागत नाही आणि फार तर पाच मिनिटे लागतात. दोन्ही पाय सारखेच गार असतील आणि नाड्या उत्तम लागत असतील, तर निश्चिंत व्हावे. एक पाय गार आणि दुसरा नाही, असे असेल, तर मात्र ऋतूला दोष देऊ नये. थंडी दोन्ही पायांना सारखीच लागते.

चालण्याचा प्रश्न आपल्याकडे वारीने फार सोपा केला आहे. माउलींची पालखी सातारा जिल्ह्यातून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते. “यंदा वारीत थांबत थांबत चालावं लागलं का?” असे विचारले, की उत्तर येते. ठरावीक अंतर चालले की पोटरी धरते, दोन मिनिटे उभे राहिले की सुटते, पुन्हा तेवढ्याच अंतरावर धरते, हे स्नायूला रक्त अपुरे पडत असल्याचे चिन्ह आहे. सज्जनगडाच्या पायऱ्यांवरही हेच कळते. जो रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडून झोपतो, कारण तेव्हाच वेदना थोडी शमते, त्याचा पाय धोक्याच्या सीमेवर आहे. आणि जो सकाळपासून एकाएकी पाय पांढरा, गार, बधिर व असह्य दुखणारा झाला म्हणून येतो, त्याला तेल लावण्यातही वेळ दवडू नये. अशा पायाला साधारण सहा तासांची मुदत असते. जत किंवा आटपाडीहून मिरजेस पोहोचायला दोन तास सहज जातात. उरलेल्या चारांत शस्त्रवैद्याला काम करावयाचे असते. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून ते गाव दूरदूरच्या रुग्णांचे आश्रयस्थान आहे. सांगली, कराड, कोल्हापूर येथेही आज सोयी आहेत. पाठविण्याने वैद्याची प्रतिष्ठा कमी होत नाही.

हातांविषयी थोडे. थंडीत बोटे आधी पांढरी, मग निळी, मग लाल होणे याचे वर्णन मॉरिस रेनो याने १८६२ साली केले. ते तरुण स्त्रियांत अधिक आणि बहुधा निरुपद्रवी. चाळिशीनंतरच्या पुरुषात मात्र ते प्रथमच उद्भवले, तर मागे काही तरी असते असे समजावे. तंबाखू आहेच, दुसरे कारण धंद्यात शोधावे. कुपवाड, मिरज, सातारा, शिरवळच्या औद्योगिक वसाहतींत ओतीव कामावर ग्राइंडर धरणारे, खाणींत दगडाला ड्रिल लावणारे, यांच्या बोटांना वर्षानुवर्षांच्या कंपनाने ही व्यथा जडते. त्यांना काम बदलल्याखेरीज गुण येत नाही.

राहता राहिली ती कारणे, जी आपल्याच कपाटात किंवा रुग्णाच्या पिशवीत असतात. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांचे हातपाय गार पडणे हा त्या औषधांचा परिचित परिणाम आहे. रुग्णाची औषधांची पिशवी ओतून पाहिली, तर कित्येक वेळा निदान तेथेच होते. मात्र ती गोळी आपण परस्पर बंद करावयाची नाही. एकाएकी बंद केल्याने हृदयावर आघात होऊ शकतो. ज्याने दिली त्याला चिठ्ठी लिहावी. त्या गोळीसोबत गुग्गुळ दिल्यास काय होते, हेही आपल्याच राज्यात तपासले गेले आहे. मुंबईच्या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखविले, की गुग्गुळाच्या सत्त्वामुळे प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम यांचे शोषण घटते. म्हणजे गारवा घालविण्यासाठी दिलेला गुग्गुळ रक्तदाबाच्या औषधाचा जोर कमी करू शकतो. ‘आयुर्वेदिक आहे, काही अपाय नाही’ हे काउंटरवरचे आवडते वाक्य येथे उघडे पडते. लसूण, हळद, आले यांच्या तीव्र सत्त्वांच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत देतानाही हाच विचार हवा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा आम्हांसही अभिमान आहे. भाजीतली हळद आणि कॅप्सूलमधले तिचे घट्ट केलेले सत्त्व यांत मात्र फरक आहे. याखेरीज पांडू, मुळव्याधीतून नकळत जाणारे रक्त, थायरॉइडची मंदता, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव ही कारणे साध्या रक्ततपासणीत कळतात. त्यांचा विस्तार करीत नाही.

एक विषय आपल्या पत्रिकांत संकोचाने टाळला जातो, तोही येथे मांडतो. गार पायांची तक्रार करणारा मध्यमवयीन पुरुष काउंटरवर आवाज खाली आणून दुसरे एक औषध मागतो, शक्तीचे. या दोन मागण्यांचा संबंध अनेकदा एकाच वाहिनीत असतो. ओटीपोटातील मोठी धमनी अरुंद झाली, तर नितंब व मांड्या चालताना दुखतात, पाय गार पडतात आणि ध्वजभंग होतो. फ्रान्सच्या लरिश या शस्त्रवैद्याच्या नावाने हा लक्षणसमुच्चय ओळखला जातो. शिवाय शिस्नाच्या लहान वाहिन्यांतील दोष हृदयाच्या वाहिन्यांतील दोषाआधी काही वर्षे प्रकट होतो, हेही आता सर्वमान्य आहे. अशा गृहस्थाला वाजीकरणाची बाटली देणे म्हणजे धोक्याची घंटा कापडात गुंडाळणे. त्यातून ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मालांत सिल्डेनाफिल मिसळलेले सापडते, हे जगभर वारंवार उघड झाले आहे. आणि छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्या माणसाच्या पोटात ते गेले, तर रक्तदाब कोसळून प्राण जाऊ शकतो. उगम ठाऊक नसलेला असा माल कपाटात ठेवूच नये.

जाहिरातींचेही तसेच. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात मधुमेह, गँगरीन, धमनीकाठिण्य, हृद्रोग, उच्च व न्यून रक्तदाब, नपुंसकत्व ही नावे आहेत. ‘बंद नसा उघडतो’ असा फलक दुकानाबाहेर लावणारा या परिशिष्टातील किती ओळी एका फलकात मोडतो, ते त्याने स्वतःच मोजावे. काही औषधालय-मित्र म्हणतात, गिऱ्हाईक मागते, आम्ही नाही दिले तर पुढच्या दुकानात घेईल. हे म्हणणे खोटे नाही. भाडे, नोकराचा पगार, मुदत संपलेला माल यांचा हिशेब आम्हांस ठाऊक आहे. परंतु अभ्यंगतेल, सुंठ, ओवा, गमबूटात घालायचे सुके मोजे यांवरही दुकान चालते, आणि “आधी पाय दाखवून या” असे सांगणाऱ्या दुकानाकडे माणूस पुन्हा येतो, असा अनुभव सांगणारेही आपल्यातच आहेत.

या पार्श्वभूमीवर आमची मागणी मोठी नाही. हेमंत लागण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, दोन्ही जिल्ह्यांतील शाखांनी आपापल्या मासिक सभेचा एक तास पायाच्या नाडीसाठी द्यावा. व्याख्यान नको, सभासदांनी एकमेकांचे मोजे काढून नाड्या शोधाव्यात. ज्यांना स्वतःच्याच घोट्यामागे ती सापडत नाही त्यांची संख्या बरीच निघेल, आणि काहींच्या बाबतीत तो दोष बोटांचा नसून पायाचा निघेल. शाखेच्या निधीतून हातात धरावयाचा एक लहान डॉप्लर घ्यावा. त्याने घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार काढावयाचा, ०.९ हून कमी आला तर रुग्णास पुढे पाठवावयाचे. मधुमेह्यांत धमनी कठीण झाल्याने हा आकडा १.४ हून वरही जातो. तेव्हा तो चांगला समजू नये. यंत्र कोणाच्या चिकित्सालयात ठेवावे यावरून वाद होतील, हे आम्ही गृहीत धरतो. ते तालुक्याच्या ठिकाणी, बसस्थानकाजवळच्या सभासदाकडे ठेवावे आणि दर शनिवारी दोन तास इतर सभासदांच्या रुग्णांसाठी विनामूल्य खुले असावे, अशी आमची सूचना आहे. वापराची वही ठेवावी. तीत नाव नको, वय, तंबाखू, दोन्ही पायांचे आकडे आणि कोठे पाठविले एवढेच असावे. दोन हिवाळ्यांनंतर ती वही याच पत्रिकेत छापता येईल.